रिपेअर मारून आणलेली हार्ड डिस्क, आणि चार दिवसांनी पुन्हा तीच तक्रार

डिस्क लावली की ड्राइव्ह दिसतो. फोल्डर उघडायला गेलं की वरची हिरवी पट्टी सरकत सरकत शेवटाला येते आणि तिथंच बसून राहते. माउस अडकतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्के आणि वेग बघावा तर शून्य. मग कुणीतरी सांगतं, चेकडिस्क मार, म्हणजे विंडोजमधली डिस्क तपासून दुरुस्त करायची कमांड चालव. रात्रभर चालते, सकाळी सगळं उघडतं, माणूस खूश. चार दिवसांनी पुन्हा तेच, आणि या खेपेला दोन फोल्डर जागेवर नाहीत.

बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या दुकानात ही तक्रार इतक्या वेळा आलीय की गिऱ्हाईक पिशवीतून डिस्क काढायच्या आधीच मी विचारतो, "चेकडिस्क किती वेळा मारली?" दोनदा, तीनदा, असं उत्तर येतं. मारलीच नाही म्हणणारा क्वचित भेटतो, आणि त्याचा डेटा बहुतेक वेळा निघतो. लग्नसराई संपताना फोटोवाले येतात, मृगाचा पाऊस लागून लाईट ये-जा करायला लागली की छापखान्यांचे आणि ट्यूशनवाल्यांचे कॉम्प्युटर येतात. दुखणं एकच.

या पोस्टमध्ये मी गेल्या जूनमधली एक डिस्क धरून सगळं सांगतो. खानापूरकडचे एक फोटोग्राफर मामा, 1 टीबीची 2.5 इंची पोर्टेबल डिस्क, आत दोन लग्नं, एक वास्तुशांत आणि मागच्या तीन वर्षांचं बरंच काही. मामांच्या भाच्यानं आधी दोनदा चेकडिस्क मारली होती, तिसऱ्यांदा नेटवरून उतरवलेलं एक सॉफ्टवेअर लावलं होतं, जे खराब जागांचे लाल चौकोन हिरवे करून दाखवतं.

"दादा, फोटो येतील नव्हं? पोरीचा बाप रोज फोन कराय लागलाय."

"येतील ओ मामा, खरं आता घरी नेऊन परत लावू नका."

"भाचा म्हणतोय आजून एकदा रिपेअर मारून बघूया."

"भाच्याला म्हणावं, जेवायला बस."

भाच्यावर माझा राग नाही. मीही सुरुवातीची काही वर्षं हेच करायचो. रिपेअर या शब्दानंच घोटाळा होतो. डिस्क दुरुस्त करणं हे एक काम आणि डिस्कवरचं बाहेर काढणं हे दुसरं, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर ही दोन कामं एकमेकांच्या जिवावर उठतात. पडायला आलेल्या भिंतीला रंग द्यायचा म्हणून तिलाच शिडी टेकवावी, तसं होतं.

आत काय चाललेलं असतं ते थोडं बघू. डिस्कवरचा सगळा मजकूर सेक्टर नावाच्या तुकड्यांत असतो. जुन्या डिस्कवर एक सेक्टर 512 बाईटचा, 2011 च्या आसपासपासून आलेल्या बहुतेक डिस्कवर आतून 4096 बाईटचा. प्रत्येक सेक्टरच्या सोबतीला चूक ओळखायची आणि थोडी चूक भरून काढायची जादा माहिती लिहिलेली असते. वाचणारं हेड फिरत्या तबकडीवर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. केसाची जाडी त्याच्या हजारो पट असते. तबकडीचा एखादा भाग कमजोर झाला, किंवा हेडच थकलं, की वाचलेलं जुळत नाही. मग डिस्क तोच सेक्टर पुन्हा वाचते, पुन्हा वाचते, हेड किंचित सरकवून पुन्हा वाचते. तुमचा माउस अडकतो तो या वेळात. शेवटी डिस्क हात टेकते आणि त्या सेक्टरला "पेंडिंग" यादीत घालते.

हा पेंडिंग शब्द नीट समजून घ्या, सगळी गोम त्यात आहे. पेंडिंग म्हणजे वाचता येईना, पण अजून बादही केलेला नाही. पुढं कधी त्या जागी काही नवीन लिहायची वेळ आली तर डिस्क बघते, लिहिलेलं बसतंय का. बसलं तर सेक्टर यादीतून सुटला. नाही बसलं तर राखीव जागेतला दुसरा सेक्टर त्याच्या नावावर लावला. दोन्ही वाटांनी पेंडिंगचा आकडा खाली येतो, आणि दोन्ही वाटांनी तिथं आधी जे होतं ते संपलेलं असतं. लाल चौकोन हिरवा करणाऱ्या सॉफ्टवेअरचं कसब बरंचसं इथंच आहे. काही सॉफ्टवेअर लिहायच्या आधी वाचायचा चिकाटीनं प्रयत्न करतात हे खरं, पण तो प्रयत्नही त्याच थकलेल्या हेडकडून करवून घेतात, आणि शेवटी लिहितातच. हिरवा झालेल्या चौकोनात मामांच्या नवरीच्या फोटोचा तुकडा होता की रिकामी जागा, हे त्या सॉफ्टवेअरला माहीतही नसतं.

चेकडिस्कची गोष्ट वेगळी. ती फाईल सिस्टीमचा, म्हणजे कुठली फाईल डिस्कवर कुठं आहे याचा हिशेब जुळवते. एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या फाईल सिस्टीममध्ये प्रत्येक फाईलची नोंद एमएफटी नावाच्या एका तक्त्यात असते, एक नोंद साधारणपणे 1024 बाईटची. म्हणजे तक्त्यातला 4096 बाईटचा एक सेक्टर गेला की चार फाईलींचा ठावठिकाणा गेला. चेकडिस्कला नोंद वाचता आली नाही की ती नोंद खराब समजून काढून टाकते, त्या नोंदीला धरून असलेले धागे तोडते, आणि जे तुकडे बेवारस उरतात ते फाउंड डॉट शून्य शून्य शून्य नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये .सीएचके शेपटी लावून टाकते. चांगल्या डिस्कवर लाईट जाऊन हिशेब बिघडला असेल तर चेकडिस्क उत्तम काम करते, मी स्वतः वापरतो. बिघाड डिस्कमध्ये असताना मात्र तिनं जुळवलेला हिशेब म्हणजे फाटलेली पानं नसलेलीच असं धरून केलेली बेरीज. शिवाय "आर" लावून चालवली तर ती रिकाम्या जागेसकट सगळी डिस्क वाचून काढते. मामांच्या डिस्कवर ती पहिल्या रात्री नऊ तास चालली होती. फाउंड फोल्डरमध्ये मला 1,140 फाईली सापडल्या, सगळ्या बिननावाच्या.

तेव्हा डिस्क अशी अडकायला लागली की पहिली गोष्ट, तिचा करंट काढा. उद्या बघू म्हणून लावून ठेवू नका, "तेवढं एक फोल्डर" कॉपी करायच्या नादाला लागू नका.

मग ऐका. लावल्यावर डिस्क एकसारखी घुमत असेल आणि मधूनच थबकत असेल तर घरी किंवा दुकानात काम होण्यासारखं आहे. टक्, टक्, टक् असा ठराविक ताल येत असेल, किंवा बारीक शिट्टीसारखा बीप येऊन तबकडी फिरतच नसेल, तर हेड किंवा मोटर गेलीय. फक्त हे ठरवायच्या आधी एक गोष्ट हमखास तपासा, कारण यात मी स्वतः फसलोय. 2.5 इंची पोर्टेबल डिस्क सगळा करंट यूएसबीतून घेते. यूएसबी 2 च्या पोर्टला 500 मिलीअँपिअर द्यायचे असतात, यूएसबी 3 ला 900. डिस्क फिरायला लागताना त्याहून जास्त ओढू शकते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला, वर लांबलचक स्वस्त वायर, मग ती टकटक करणारच. मागच्या, थेट मदरबोर्डच्या पोर्टला आखूड चांगली वायर लावून एकदा बघा. एकदाच. तरीही टकटक आली तर थांबा.

टकटक करणाऱ्या डिस्कवर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर चालत नाही. तिला पुण्याला किंवा बेंगळुरूला स्वच्छ खोली असलेल्या लॅबमध्ये पाठवावं लागतं, खर्च डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट येतो, आणि तो करायचा की नाही हे आतल्या फोटोंवर ठरतं. तोवर घरगुती उपाय नकोत. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला अजून फिरतोय. आपल्याकडच्या जुलैच्या हवेत फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला काय होतं ते आठवा. तेच पाणी तबकडीवर. दुसऱ्या डिस्कची सर्किटची हिरवी पाटी काढून हिला लावायचा उद्योगही आता चालत नाही, कारण त्या पाटीवरच्या चिपमध्ये त्याच एका डिस्कच्या हेडची मोजमापं लिहिलेली असतात. एकानं तर पावसात भिजलेली डिस्क तांदळाच्या डब्यात घालून आणली होती, तोही बेळगाव बासमती. डिस्क गेलीच, तांदळाचं काय केलं विचारलं नाही.

मामांची डिस्क टकटक करत नव्हती. मग मी तिची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, वाचली. यात डिस्कवर काही लिहिलं जात नाही, मिनिटाचं काम असतं. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसं आहे. निळा, पिवळा, लाल रंग बघून समाधान मानू नका, चार ओळी बघा. 05 म्हणजे आतापर्यंत किती सेक्टर बदलले. सी5 म्हणजे पेंडिंग. सी6 म्हणजे डिस्कनं स्वतः तपासूनही न सुधारलेले. सी7 म्हणजे डिस्क आणि कॉम्प्युटर यांच्यामधल्या वाटेत झालेल्या चुका. सी7 एकटाच वाढत असेल आणि बाकी तिन्ही शून्य असतील तर आनंद माना, बहुतेक वायर बदलून काम होतं. आकडा वाचताना एक फसगत होते. हे सॉफ्टवेअर मूळ आकडा सोळाच्या पायावर दाखवतं. मामांच्या डिस्कवर सी5 समोर शून्यांच्या शेवटी 138 दिसत होतं. ते आपले 312. फंक्शन मेनूत आत शिरून दहाच्या पायावर करता येतं. 05 समोर 8, सी7 समोर शून्य. म्हणजे वायर चांगली, तबकडी खराब.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही ही कहाणी आधीपासून लिहिलेली असते. "डिस्क" या नावाखाली 7 नंबरची नोंद म्हणजे खराब ब्लॉक, 153 म्हणजे वाचायला सांगितलेलं परत सांगावं लागलं. भाच्याच्या लॅपटॉपवर 153 च्या नोंदी फेब्रुवारीपासून होत्या. कोण बघतो म्हणा.

आता मुख्य काम. कॉपी काढायची, पण फाईलींची नव्हे, अख्ख्या डिस्कची, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत. फाईल फाईल करून कॉपी केली की हेड दर वेळी एमएफटीकडे जातं, तिथून फोल्डरकडे, तिथून फाईलकडे, असं पळत राहतं, आणि पहिला खराब सेक्टर लागला की विंडोज तिथंच डोकं आपटत बसतं. अख्ख्या डिस्कची कॉपी सरळ रेषेत होते, आणि त्यासाठी असं हत्यार लागतं ज्याला वाट अडली की पुढं निघून जायची अक्कल आहे. ते हत्यार म्हणजे ग्नू डीडीरेस्क्यू. फुकट आहे, लिनक्सवर चालतं. डीडी नावाची जुनी कमांड वेगळी, तिच्याशी गल्लत करू नका. ती पहिल्याच चुकीला थांबते.

लिनक्स म्हटल्यावर घाबरायचं कारण नाही, बसवायचं काही नाही. सिस्टीमरेस्क्यू नावाची आवृत्ती पेनड्राइव्हवर उतरवायची आणि कॉम्प्युटर त्यावरून सुरू करायचा. तिच्यात डीडीरेस्क्यू आणि पुढं लागणारा टेस्टडिस्क दोन्ही आधीच असतात, आणि लावलेली डिस्क ती स्वतःहून उघडत नाही. मला ती आवडते ती याच्यासाठी. विंडोजला डिस्क दिसली रे दिसली की ते तिच्यात शिरतं: अँटीव्हायरस चाळायला लागतो, फोटोंची छोटी चित्रं बनवायला घेतो, इंडेक्स करतो, कधी "फॉरमॅट करायची का" असा प्रश्न तोंडावर फेकतो. त्या प्रश्नाला मान डोलावणारे महाभागही येतात. साधं क्विक फॉरमॅट झालं असेल तर अजून आशा असते, कारण त्यात फक्त नवी वही मांडली जाते. क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट मारलं असेल तर विंडोज व्हिस्टापासून पुढं ते अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहितं. तिथं मग काही उरत नाही.

हे काम मी मुद्दाम एका जुन्या लॅपटॉपवर करतो. वेग कमी मिळतो, पण पोर्टेबल डिस्क लॅपटॉपच्याच बॅटरीवर चालते, त्यामुळं लाईट गेली तरी मधे झटका बसत नाही. मोठी 3.5 इंची डिस्क असेल तर तिला 12 व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो, तो यूपीएसवर लावतो. डिस्कखाली पेपरचा गठ्ठा नको, गरम होते. टेबल फॅनचं तोंड तिच्याकडं करून ठेवतो.

कॉपी ठेवायला दुसरी, मोठी, धडधाकट डिस्क हवी. 1 टीबी डिस्क म्हणजे 512 बाईटच्या हिशेबानं 1,953,525,168 सेक्टर, विंडोजच्या भाषेत 931 जीबी. तेवढीच 1 टीबी डिस्क घेतली तर इमेज फाईल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाईलीत काढलेली नक्कल, बसत नाही, मी 2 टीबीची घेतो. ती फॅट32 मध्ये फॉरमॅट केलेली नको, तिथं एक फाईल 4 जीबीच्या पुढं जात नाही.

सिस्टीमरेस्क्यू सुरू झालं की आधी एलएसबीएलके ही कमांड देऊन कुठली डिस्क कोणत्या नावानं आलीय ते बघायचं. आकार आणि अनुक्रमांक दोन्ही कागदावर लिहून घ्या. लिहूनच घ्या. एकदा संध्याकाळी साडेआठला, दुकान बंद करायच्या घाईत, मी उलटं लिहिलं होतं: रिकामी डिस्क मूळ म्हणून आणि गिऱ्हाइकाची डिस्क कॉपी घ्यायची म्हणून. डीडीरेस्क्यूनं नकार दिला, कारण थेट डिस्कवर लिहायचं तर तो वेगळी जबरदस्तीची खूण मागतो, आणि ती मी दिलेली नव्हती. त्या रात्री घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. तेव्हापासून मी डिस्कवरून डिस्कवर कधी करत नाही, नेहमी डिस्कवरून इमेज फाईलवर. जबरदस्तीची खूण द्यायची वेळच येत नाही.

कमांड इंग्रजीतच टाइप करायची, क्रम सांगतो. डीडीरेस्क्यू, मग डॅश एन, मग मूळ डिस्कचं नाव, मग इमेज फाईलचं नाव, मग मॅप फाईलचं नाव. डॅश एन म्हणजे सोपं सोपं आधी उचल, खराब जागी खरवडत बसू नको. मॅप फाईल ही साधी टेक्स्ट फाईल असते, तिच्यात कुठून कुठवर वाचून झालं, कुठं अडलं, कुठं अजून गेलोच नाही याची नोंद राहते. ती दिली नाही तर अर्ध्यात थांबल्यावर पुन्हा पहिल्यापासून. दिली असेल तर रात्री थांबवा, डिस्क गार होऊ द्या, सकाळी तीच कमांड परत द्या, जिथं सोडलं तिथून पुढं. ज्या गावात दिवसात चारदा लाईट जाते तिथं या फाईलची किंमत वेगळी सांगायला नको.

मामांच्या डिस्कची पहिली फेरी साडेसहा तास चालली. निरोगी डिस्क सेकंदाला 100 एमबी दराने पावणेतीन तासांत झाली असती. सुरुवातीला वेग 70-80 होता, 40 टक्क्यांच्या आसपास तो एकदम केबीमध्ये आला, डिस्कनं घुर्र केलं, डीडीरेस्क्यूनं उडी मारली आणि पुढं परत 80. पडद्याकडं बघत बसायचं नसतं हे मला कळतं, तरी बघत बसलो. फेरी संपली तेव्हा न वाचलेला भाग 41 एमबी. अख्ख्या डिस्कमधले 41 एमबी. इथं कुणी काम थांबवलं तरी चालेल, इतकं हाताला लागलेलं असतं.

दुसऱ्या फेरीत डॅश एन काढायचं, डॅश डी आणि डॅश आर 3 लावायचं, इमेज आणि मॅप फाईल तीच. डॅश डी म्हणजे लिनक्सच्या मधल्या साठ्याला वळसा घालून थेट वाच, आर 3 म्हणजे अडलेल्या जागा आणखी तीनदा करून बघ. या फेरीत डिस्कवर खरा ताण येतो, म्हणून ती नेहमी दुसरी. चार तासांनी 41 एमबीचे 608 केबी राहिले. डॅश कॅपिटल आर लावून उलट्या दिशेनं एक फेरी केली, एक केबीही सुटला नाही. मग मूळ डिस्क काढून कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली. पुढचं सगळं इमेजवर.

इथून पुढं निवांतपणा असतो. इमेज ही साधी फाईल, तिच्यावर काहीही चुकलं तर काय जातंय? तरी जागा असेल तर तिची आणखी एक प्रत करून ठेवावी आणि प्रतीवर खेळावं. टेस्टडिस्कला डिस्कऐवजी इमेज फाईलचं नाव दिलं की तो ती डिस्क समजून उघडतो. पार्टिशन सापडलं की पी दाबून आतल्या फाईलींची यादी बघायची, निवडायची, सी दाबून दुसरीकडं उतरवायची. "राइट" म्हणून जो पर्याय आहे त्याच्याकडं फिरकू नका, घाई नसते. टेस्टडिस्कची काळी पाटी ज्यांना झेपत नाही त्यांनी डीएमडीई हे सॉफ्टवेअर वापरावं. त्याच्या फुकट आवृत्तीत एका वेळी एका फोल्डरमधल्या 4000 फाईलींपर्यंत काढता येतात, आणि लग्नाचं एक फोल्डर सहसा त्यात बसतं. चेकडिस्कनं काढून टाकलेल्या नोंदींपैकी बऱ्याच यांना सापडतात, कारण नोंद काढली तरी तिची जागा लगेच दुसऱ्या कुणी घेतलेली नसते. मामांचं वास्तुशांतीचं फोल्डर असंच परत आलं.

फोटोरेक हे फाईली हुडकणारं सॉफ्टवेअर शेवटी, आणि फक्त नावागावाचा पत्ताच लागत नसेल तर. तो फाईल सिस्टीमकडं बघतच नाही, सरळ सेक्टर चाळत जातो आणि जेपेगची सुरुवात एफएफ डी8 एफएफ अशी होते, तशी खूण दिसली की तिथून फाईल कापून काढतो. फोटो येतात, पण नाव, फोल्डर, काही नाही. रेकअप डिर नावाच्या फोल्डरांत पाचपाचशेच्या गठ्ठ्यानं भरलेले. फोटोच्या पोटात कॅमेऱ्यानं लिहिलेली तारीख-वेळ शाबूत असते, तिच्यावरून लावता येतात. मोठे व्हिडिओ डिस्कवर तुकड्या-तुकड्यांत पडलेले असतील तर ते अर्धवटच निघतात. फाउंड फोल्डरातल्या त्या 1,140 मधले बरेच फोटो याच वाटेनं ओळखू आले.

राहिले ते 608 केबी. ते कुणाच्या पोटात गेले? गिऱ्हाइकाला "थोडं गेलंय" असं सांगून भागत नाही, त्याला नाव हवं असतं. यासाठी डीडीरेस्क्यूत एक फार छान सोय आहे, फिल मोड. इमेजच्या प्रतीवर, मॅप फाईलमध्ये जे सेक्टर शेवटपर्यंत वाचले नाहीत तेवढ्याच जागी आपल्या पसंतीचा मजकूर भरायला सांगता येतं. मी "बॅडसेक्टर" असा शब्द भरतो, आणि मग त्या प्रतीतून उतरवलेल्या सगळ्या फाईलींत ग्रेप या शोधायच्या कमांडनं तो शब्द शोधतो. ज्या फाईलीत सापडला ती जखमी. मामांच्या 18 हजारांवर फाईलींत 11 फोटो आणि हळदीचा एक व्हिडिओ निघाला, आणि उरलेली खराब जागा रिकामीच होती. अकरांपैकी एका फोटोत वरमाई आणि करवली नीट, त्यांच्या खाली राखाडी पट्टा. मामांनी तो बघितला आणि म्हणाले, "पाय तर गेलेत, क्रॉप करून टाकतो."

छापखानेवाल्यांसाठी एक वेगळी ओळ, कारण आपल्या भागात ती सारखी लागते. एका छापखान्याची 500 जीबीची डिस्क अशीच इमेज करून दिली, एकही सेक्टर राहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी फोन: "पत्रिका सगळ्या खराब आल्यात, नुसतं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं." कोरलड्रॉ नव्या कॉम्प्युटरवर, आणि त्यावर ना श्रीलिपीचे फॉण्ट ना कन्नडसाठीची नुडी. आपल्याकडं एकाच लग्नाची पत्रिका दोन्ही भाषांत होते, आणि युनिकोडच्या आधीच्या या फॉण्टांत मराठी किंवा कन्नड मजकूर आत इंग्रजी अक्षरांच्या जागांवरच साठवलेला असतो. फॉण्ट नसला की ते नागडं दिसतं. फाईल शंभर टक्के चांगली असते. असल्या वेळी डेटा गेला म्हणून पुन्हा जुन्या डिस्ककडं धावू नका. आधी फॉण्ट बसवा, जुन्या विंडोजचं फॉण्ट फोल्डर त्याच इमेजमध्ये मिळतं. .डॉकएक्स किंवा .एक्सएलएसएक्स फाईल .झिप होऊन बाहेर आली तर तीही बिघडलेली नाही, आतून ती झिपच असते. शेपटी बदलून बघा.

एसएसडीला, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्कला, यातलं फारसं काही लागू पडत नाही. ती आधी कुरकुरत नाही, बऱ्याचदा एका सकाळी दिसेनाशी होते, आणि तिच्यावरून डिलीट झालेलं ट्रिम (डिलीट केलेली जागा मोकळी करायला एसएसडीला सांगायची सोय) चालू असल्यानं सहसा परत येत नाही. काही पोर्टेबल डिस्कांत यूएसबीचं तोंड थेट डिस्कच्या पाटीवरच जोडलेलं असतं, आतली माहितीही त्याच पाटीकडून कुलूपबंद होते. तेव्हा खोकं फोडून आतली डिस्क दुसऱ्या खोक्यात घालायच्या आधी नीट बघा.

मामा चौथ्या दिवशी भाच्याला घेऊन आले. नवी डिस्क दिली, अकरा फोटोंची यादी दिली. भाच्याचा प्रश्न ठरलेलाच होता. "जुनी डिस्क फॉरमॅट मारून पिक्चर ठेवायला चालंल की?" अल्बम पोचेपर्यंत ती तशीच ठेवूया असं ठरलं. ऑगस्टमध्ये मामांनी अल्बम पोचल्याचं कळवलं, तेव्हा त्यांच्या परवानगीनं मी ती पूर्ण फॉरमॅट केली. पेंडिंग 312 वरून शून्य झाला. 05 समोर आठचे 56 झाले. म्हणजे बाकीचे सेक्टर नुसतं लिहिल्यावर "सुधारले", सगळे चौकोन हिरवे. वर 200 जीबी सटरफटर भरलं आणि रोज तासभर लावून ठेवली. एकोणिसाव्या दिवशी पट्टी अडकली. सी5 समोर 28, म्हणजे आपले 40. भाच्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "आजून एकदा मारून बघायचं काय?"